डोनगाव, बे, बी!

माझ्या घरमालक काकांनी मला खोली दाखवायच्या आधी गाणं ऐकवलं. डोणगावच्या शाळेत इंग्रजी शिकवायला मी नुकतीच रुजू झाले होते. एका हातात बॅग, काखेत गुंडाळलेली गादी, आणि मेहकरपासून उभ्यानं आल्यामुळे पायांत गोळे. पाणी किती वेळ येतं, न्हाणी वेगळी आहे का, पत्र्यानं वर तापतं का, असे प्रश्न मी वाटेत पाठ करून आले होते. काकांनी एकही विचारू दिला नाही.

"बसा मॅडम. आधी हे ऐका, मंग खोली पसंत करा नाहीतर नोका करू."

स्टुलावर एक जुना रेकॉर्ड प्लेअर होता. त्यावर त्यांनी बशीएवढी काळी तबकडी ठेवली, तीसुद्धा निजलेलं पोर पाळण्यात ठेवावं तशी. आधी नुसती खरखर झाली. मग ढोल, मग काहीतरी पितळी वाजलं, आणि मग विहिरीच्या तळातून यावा तसा एक जाडाभरडा, संथ आवाज आला. 'डोऽऽन... गोऽऽ... बेऽ... बीऽऽ.'

काकांनी बोट वर केलं. "ऐकलं?"

"काय?"

"गावाचं नाव हाय ना! अमेरिकेतला मानूस हाय हा. डोनगाव म्हनते, मंग आपल्या 'अबे'तलं बे म्हनते, मंग बी मांगते. पेरनीची येळ हाय, बिचारा डोनगावले बी घ्याले आला, अन् दुकानदार देऊन नाही राह्यला. म्हून तो रडून राह्यला. डोनगाव, बे, बी!"

मी इंग्रजी घेऊन एम.ए. केलेलं. 'डोन्ट गो, बेबी' मला लख्ख ऐकू आलं होतं. पण तेवढ्यात काकूंनी चहा आणला, खिडकीतून छान वारा आला, आणि काखेतली गादी आता कुठंतरी टेकवावी असं फार वाटायला लागलं. मी म्हणाले, "हो, तसंच वाटतंय खरं."

आपल्या हातानं आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हेच. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की इंग्रजीच्या नव्या मॅडमनी गाण्यावर शिक्कामोर्तब केलं. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी माझं अभिनंदन केलं. कशाबद्दल, ते त्यांनाही नीट माहीत नव्हतं.

काकांचं चाळीस वर्षं बियाण्यांचं दुकान होतं. मी राहायला गेले तेव्हा ते बंद करून ते घरी बसले होते, पण बसले होते हे नुसतं म्हणायचं. हा माणूस बसायचा म्हणून नाहीच. उंच, काटकुळे, पांढरा शर्ट, खिशाला पेन. त्या पेनानं मी त्यांना कधी लिहिताना पाहिलं नाही. ते फक्त बोलताना हवेत डोणगावचा नकाशा काढायला वापरत.

फोनवर आपण आधी हॅलो म्हणतो. काका म्हणत, "डोनगाव!" आवाज असा की पलीकडच्याला वाटावं आपण चुकून स्टँडवर फोन लावला. राँग नंबर असला तरी ते सोडत नसत. "तो मानूस नाही इथी, पन तुमी डोनगावले लागले हे काय कमी झालं? बोला आता." असं म्हणून त्यांनी अकोल्याच्या एका अनोळखी बाईंशी त्यांच्या सुनेबद्दल अर्धा तास गप्पा मारल्या होत्या. पुढं त्या बाई स्वतःहून फोन करायला लागल्या. काकू म्हणायच्या, "करा बाप्पा बोलनं. घरातल्या बाईशी बोलाले तुमचा नंबर कधी लागत नाही."

डोणगाव मेहकरजवळ आहे असं कुणी म्हटलं की काका थांबवत. "उलटं हाय. मेहकर आमच्याजवळ हाय." एकदा आम्ही एकाच एस.टी.नं मेहकरहून येत होतो. थांबा आला आणि कंडक्टर नेहमीसारखा 'डोणगाव, डोणगाव' करून मोकळा झाला. काका जागेवरून उठले आणि म्हणाले, "असं कोरडं काऊन म्हनता भौ? सुरात म्हना." आणि गाण्यातल्यासारखं लांबवून म्हणून दाखवलं. कंडक्टर समंजस असावा, किंवा घाईत असावा. त्यानं म्हटलं. मागच्या सीटवरच्या दोघांनीही म्हटलं. मी खिडकीबाहेर पाहत राहिले, जणू मला पुढच्याच गावाला उतरायचं होतं.

आता त्या तबकडीचा इतिहास. हा शब्द माझा नाही, काकांचा आहे. त्यांच्याकडे दोनशे पानी रजिस्टर होतं आणि त्यावर 'डोणगाव गीताचा समग्र इतिहास' असं लिहिलेलं होतं. पहिल्या पानाप्रमाणे, काका दुकानासाठी जुना तराजू पाहायला खामगावला भंगारवाल्याकडे गेले होते. भंगारवाला ती तबकडी माठावर झाकण म्हणून ठेवत होता, पण तिला मधोमध रुपयाच्या नाण्याहून मोठं भोक, त्यातून मुंग्या आत जायच्या. वैतागून त्यानं ती काकांना देऊन टाकली. "अमेरिकेचं झाकन हाय," म्हणाला, "पन काई कामाचं नाही."

प्लेअरच्या खुंटीला ते भोक मोठं व्हायचं, म्हणून काकांनी गावच्या सुताराकडून बाभळीची एक चकती करून त्यात बसवली. सुतारानं बैलगाडीच्या हिशोबानं काम केलं. चकतीचं भोक मध्यावर नव्हतं. त्यामुळे तबकडी डुलत फिरायची आणि गाणाऱ्याचा आवाज एकदा चढायचा, एकदा उतरायचा. मी एकदा ते सुचवून पाहिलं. काका म्हणाले, "मॅडम, गाऱ्हानं सांगतानी मानसाचा आवाज असाच हालते. तुमी कधी बियान्याच्या लाइनीत उभ्या नाही राह्यल्या."

तबकडीवरचा कागद घासून गेला होता. इंग्रजीतले दोनच अवशेष उरले होते. एक, 'सोल' हा शब्द. दोन, एकचा आकडा. एवढ्यावर काकांनी चाळीस पानं लिहिली होती. सोल म्हणजे सोल. भुईमुगाचं बी पेरायच्या आधी शेंगा सोलाव्या लागतात, हे लहान पोरालाही कळतं. म्हणजे अमेरिकन माणूस मागत होता ते बी भुईमुगाचं होतं. आणि एक म्हणजे एक नंबर. गाणं तिकडं एक नंबरला गेलं होतं.

"काका, एक म्हणजे पहिली बाजू," मी म्हणाले. "उलटी करून बघा, मागं दोन असेल."

त्यांनी उलटी केली. होता दोन. ते क्षणभर पाहत राहिले आणि मग त्यांचा चेहरा उजळला. "बापरे! म्हनजे दोन नंबरले गेलं तेबी याचंच!"

सोल म्हणजे आत्मा, त्या जातीच्या गाण्यांना तिकडं तसंच नाव आहे, तिथले सोसलेले लोक देवळातल्या भजनासारखी कळवळून ती गातात, हेही मी एकदा सांगितलं. मला वाटलं, आता तरी भुईमूग सुटेल. काकांनी थोडा विचार केला. "बराबर हाय. आत्माबी सोलूनच काढा लागते." ते वाक्य त्यांनी माझ्या नावावर रजिस्टरमध्ये लिहिलं.

गायक डोणगावला आला होता याला साक्षीदारही होता. विहारात रविवारची वंदना झाली की पारावर जी म्हातारी मंडळी बसत, त्यांतल्या एकांना आठवत होतं की संकरित ज्वारी नवी नवी आली त्या काळात स्टँडवर एका परदेशी माणसाची जीप पंक्चर झाली होती. काकांनी त्यांची जबानी घेतली. मी तिथं होते, कारण शुद्धलेखन तपासायला मला नेलं होतं.

"गोरा होता का काया?" काकांनी विचारलं.

"धुयीनं भरेल होता तो. कसं सांगू?"

"गानं म्हनत होता का?"

"शिव्या देत होता वाटते. पन लांबवून देत होता."

काकांनी माझ्याकडे विजयी मुद्रेनं पाहिलं. मी 'जबानी'तली वेलांटी दुरुस्त केली.

हा इतिहास सगळ्यांना मान्य होता असं नाही. काकूंचे भाऊ साखरखेर्ड्याचे, निवृत्त तलाठी, आणि तलाठ्याला जमीन कुणाच्या नावावर चढवायची हे चांगलं कळतं. त्यांनी तबकडीची मागची बाजू ऐकली. त्यात तो माणूस दर ओळीला 'शुगर, शुगर' करत होता. भाऊंनी मला विचारलं, "मॅडम, शुगर म्हनजे साखर ना?" मी हो म्हणाले, कारण ते खरंच होतं. झालं. भाऊंनी जाहीर केलं की मागचं गाणं साखरखेर्ड्यावर आहे.

"अर्धंच गाव हाय!" काका ओरडले. "साखर हाय, खेर्डा कुठी हाय?"

"तुमच्यातबी तालुका कुठी हाय?"

"आमचं गाव पुरं हाय, बे, त्याले तालुका नाही लागत!"

त्या दिवशी दोघं न जेवता उठले. काकूंनी वांग्याची भाजी झाकून ठेवली आणि मला म्हणाल्या, "मॅडम, तिसरी बाजू नसते ना या तबकडीले? माह्या माहेराची अन् सासरची झाली, आता मावशीचं गाव निघन." पुढं दिवाळीपर्यंत मेहुणे बोलत नव्हते. तह झाला तो असा, की एक नंबर डोणगावचा आणि दोन नंबर साखरखेर्ड्याचा.

हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखंच होतं, आणि मी नेतही होते. वर खोलीत येऊन मी मैत्रिणींना फोनवर काकांच्या नकला करून दाखवायची. मग एके दिवशी भुईमुगाच्या शेंगा निवडता निवडता त्यांनी मला पुण्याची गोष्ट सांगितली, आणि नकला बंद झाल्या.

त्यांचा एकुलता एक मुलगा पुण्यात एका कंपनीत होता. त्यानं फ्लॅट घेतला तेव्हा काका-काकू राहायला गेले. पहिल्याच दिवशी लिफ्टमध्ये शेजारच्या बाई भेटल्या. कुठले तुम्ही, असं त्यांनी विचारलं. मुलगा म्हणाला, "बुलढाण्याकडचे." काकांना वाटलं, पोराच्या तोंडून राहून गेलं. ते म्हणाले, "डोनगाव. तालुका मेहकर." बाई म्हणाल्या, "अच्छा, नागपूरजवळ का?" मुलगा हसून हो म्हणाला.

"हो म्हनला मॅडम! नागपूर कुठी, आमी कुठी!"

घरात गेल्यावर मुलगा चांगल्या शब्दांत म्हणाला, "बाबा, इथं जरा 'मला' म्हणत जा. 'मले' नको. लोक हसतात." काकांनी त्याच्याशी वाद घातला नाही. त्यांनी 'मला'ही म्हटलं नाही आणि 'मले'ही नाही. पाणी पाहिजे. भूक नाही. झोप येते. असा हा बोलका माणूस दोन दिवस सर्वनामाशिवाय राहिला आणि तिसऱ्या दिवशी काकूंना घेऊन गाडीत बसला.

"तो वाईट नाही हो," काका म्हणाले. "त्याले गावाची लाज नाही. पन गावाचं नाव कोनाले माहीतच नाही, तं तो तरी कोनाकोनाले समजावन? एक डाव स्टँडवर पाटी लागू द्या. 'जगप्रसिद्ध गाण्यातले डोणगाव.' मंग पाहा, लिफ्टमधी तो सोताहून सांगन."

म्हणजे एवढा सगळा खटाटोप त्या लिफ्टमधल्या एका उत्तरासाठी होता. मला एकदम स्वतःचाच राग आला. पहिल्या दिवशी खरं सांगून टाकलं असतं तर निदान हा माणूस एवढ्या उंचीवर चढला नसता. आता शिडी मीच धरून उभी होते.

पाटीचा अर्ज ग्रामपंचायतीकडे गेला. सरपंच मोठे हुशार. त्यांनी नाही म्हटलं नाही. त्यांनी पुरावा मागितला. काका लगोलग वर आले. "मॅडम, लेखी देऊन टाका." मी आठवडाभर टाळाटाळ केली, शाळेतून उशिरा यायला लागले, एकदा तर ताप आल्याचं सांगितलं. शेवटी मी कागदावर लिहिलं, 'सदर गीतामध्ये गावाच्या नावाशी ध्वनिसाम्य आढळते.' वाक्य खोटं नव्हतं. कामाचंही नव्हतं. काकांनी ते तीनदा वाचलं, ध्वनिसाम्य हा काहीतरी मोठा किताब असावा अशी मान हलवली, आणि मेहकरला जाऊन लॅमिनेशन करून आणलं.

सरपंचांनी त्यावर तोडगा काढला. शाळेचं गॅदरिंग जवळ आलं होतं. अख्खं गाव तिथं असतंच. गाणं गावासमोर वाजवा. गावानं ऐकलं आणि मानलं, की पाटी मंजूर. काकांना वाटलं जिंकलो. त्यांनी मुलाला फोन केला आणि आयुष्यात पहिल्यांदा 'डोनगाव!' न म्हणता थेट विचारलं, "येशीन का?" तो खरंच आला. दोन दिवसांची सुट्टी टाकून, बापासाठी नवा शर्ट घेऊन आला. मुलगा मलाही आवडला. त्याच्याबद्दल माझ्या मनात जी अढी बसली होती, तिच्यासाठी त्यानं काहीच जागा ठेवली नाही.

गॅदरिंगच्या दिवशी दुपारपासून मैदान भरलं. नाच झाले, नाटुकलं झालं, त्यात एकाची मिशी पडली. मग काका नव्या शर्टात मंचावर चढले. समोर सरपंच, साखरखेर्ड्याचे भाऊ, पारावरचे साक्षीदार, डाव्या बाजूला माझे दहावीचे साठ विद्यार्थी. काकांनी बी, सोल, पंक्चर, एक नंबर, सगळा इतिहास वीस मिनिटांत सांगितला, आणि शेवटी लॅमिनेशन केलेला माझा कागद हात उंच करून दाखवला. टाळ्या पडल्या. मला जमिनीनं पोटात घ्यावं असं वाटत होतं.

माइक प्लेअरजवळ धरायला मुलगा वर गेला. त्याला यंत्रांतलं कळत होतं, हीच अडचण झाली. तो वाकून पाहत म्हणाला, "बाबा, याचा खटका चुकीच्या स्पीडवर आहे. लहान रेकॉर्ड जोरात फिरवतात." आणि बापाचं काम नीट व्हावं म्हणून, अगदी मायेनं, त्यानं खटका सरकवला.

तबकडी भराभर फिरायला लागली. विहिरीतला तो जाडाभरडा माणूस नाहीसा झाला. कर्ण्यातून एका बाईचा आवाज आला. बाभळीच्या चकतीनं हेलकावणारा, पण मोकळा, टिपेचा, काळजाला हात घालणारा. आणि ती बाई स्वच्छ म्हणाली, 'डोन्ट गो, बेबी.'

त्या आठवड्यात मी दहावीला नकारार्थी आज्ञा शिकवल्या होत्या. डोन्ट रन, डोन्ट शाउट, डोन्ट गो. वर्गात विचारलं की साठजण फळ्याकडे पाहत बसायचे. त्या दिवशी मात्र ओळखीचं वाक्य कानावर पडलं आणि साठच्या साठ पोरं एका सुरात ओरडली, "जाऊ नको!"

माझ्या नोकरीत अख्ख्या वर्गाचं उत्तर बरोबर आलं ते त्या एकाच वेळी.

बाई गात होती आणि दर ओळीला पोरं उत्साहानं भाषांतर करत होती. जाऊ नको. जाऊ नको. मी हातांनी खुणा केल्या तशी त्यांना वाटलं, मॅडम शाबासकी देतायत, आणि ती अजून मोठ्यानं ओरडली. मंचावर मुलाचा चेहरा पांढरा पडला होता. आपण काय केलं ते त्याला कळलं होतं. काका तबकडीकडे पाहत उभे होते. मग ते माइकजवळ आले आणि हळूच म्हणाले, "बाईमानूस हाय हे. माह्या ध्यानातच नाही आलं."

तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "काका, हे नाही पाह्यजे! पह्यलेवानी हळू लावा!" दुसरा म्हणाला, "हाव! आमाले डोनगावच पाह्यजे!" बघता बघता सगळं मैदान डोनगाव, डोनगाव करायला लागलं. साखरखेर्ड्याचे भाऊ खुर्चीवर उभे राहून ओरडत होते. मुलानं खटका मागं सरकवला. बाईचा पुन्हा जाडाभरडा माणूस झाला, त्यानं पुन्हा बी मागितलं, आणि गावानं टाळ्यांचा कडकडाट केला. सरपंचांनी तिथल्या तिथं पाटी मंजूर केली.

मला रडू आलं. त्या गावावर माझा तेव्हा जीव जडला, तो कायमचा. पण मी काकांकडे पाहत होते. सगळं मैदान टाळ्या वाजवत होतं आणि त्यांचे हात खाली होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाची गाडी होती. मीही स्टँडवर गेले. तो चार वेळा म्हणाला, "बाबा, सॉरी." काका म्हणाले, "अबे, त्यात काय, पाटी तं लागून राह्यली ना." गाडी आली. काकूंनी डोळ्यांना पदर लावला, दोन दिवस अजून राहा म्हणाल्या. काकांनी बॅग वर दिली, डब्यातल्या चटणीचं तेल सांडेल म्हणून डबा उभा ठेवायला सांगितला, आणि गाडी हलल्यावर म्हणाले, "पोचला का फोन कर."

दुपारी ते तबकडी घेऊन वर माझ्या खोलीत आले. एरवी सहसा येत नसत. दारातच उभे राहिले.

"मॅडम, आता खरं सांगा. ते म्हनते तरी काय?"

मी म्हणाले, "काका, माझं चुकलं. मी पहिल्याच दिवशी..."

"ते जाऊ द्या. गान्याचा अर्थ सांगा."

मी सांगितलं. डोन्ट गो म्हणजे जाऊ नको.

"ते पोट्टे बोंबलले तेवढं कयलं मले. अन् बेबी? ते बी नाही ना?"

"नाही. बेबी म्हणजे बाळ. लेकरू."

हे म्हणताना मला माहीत होतं की असल्या गाण्यांत बेबी प्रियकरालाही म्हणतात, किंबहुना प्रियकरालाच म्हणतात. उत्तरपत्रिकेत कुणी लेकरू लिहिलं असतं तर मी लाल रेघ मारली असती. मी पुढचं सांगायला तोंड उघडलं, पण काका आता तबकडीकडे पाहत होते, आणि त्यांचा अंगठा तिच्या कडेवरून हळूहळू फिरत होता.

"लेकरा, जाऊ नोको," ते स्वतःशीच म्हणाले. मग मान वर करून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"म्हनजे तिचंबी पोरगं पुन्याले गेलं."